एकात दोन

संध्याकाळी फिरून झालं की मी आणि माझी मैत्रीण कर्वेनगरातल्या एका अमृततुल्यावर थांबतो. ऑर्डर ठरलेली असते: एकात दोन. चहावाले एक भरलेला आणि एक रिकामा ग्लास पुढे करतात. अर्धा चहा तिच्या ग्लासात ओतायचं काम माझं. हे बरीच वर्षं चाललं आहे.

यंदा तिच्या योगवर्गात बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या आणि त्यानंतर आमच्या गप्पांतही.

"त्या म्हणतात, दुधाच्या चहाला चव नसते, नुसती सवय असते."

"आणखी काय म्हणतात?"

"शनिवारी ग्रीन टी चाखायला जायचंय. तुलाही घेऊन ये म्हणाल्या."

त्यातलं 'तुलाही' मला खटकलं. तरी गेले.

कोथरूडमधलं ते चहाघर शांत होतं. आधी कोरडी पानं हुंगायला दिली. मला नव्या चटईचा वास आला. तो मी सांगितला नाही, कारण बाई तोवर "समुद्र" म्हणाल्या होत्या आणि मैत्रीण मान डोलावत होती. तिला समुद्र आवडत नाही. आम्ही अलिबागला गेलो होतो तेव्हा ती दिवसभर खोलीत बसून होती.

चहा फिकट पिवळट होता. वाढणाऱ्या मुलीने आधी माझा कप भरला आणि ती बाईंकडे वळली. मैत्रिणीचा कप रिकामा दिसला. मी माझ्यातला अर्धा चहा त्यात ओतला.

"अहो, इथे प्रत्येकीला वेगळा कप मिळतो," बाई म्हणाल्या.

मैत्रीण हसली. त्यांच्याकडे बघून हसली.

मग मी प्यायले. पहिल्या घोटाला पालक उकडलेलं पाणी. नंतर जिभेच्या कडांना किंचित तुरटपणा, आणि गिळल्यावर बऱ्याच वेळाने घशात थोडी गोडी. चहा चांगला होता. विचारलं तेव्हा मी "गरम आहे" एवढंच म्हणाले.

सोमवारी फिरायला बाईही आल्या. मैत्रिणीनेच बोलावलं होतं. अमृततुल्यावर चहावाल्यांनी आम्हाला मोजलं.

"आज दोनात तीन का?"

मैत्रीण हो म्हणणार होती.

"नाही," मी म्हणाले. "आमचं नेहमीचं एकात दोन. यांना पूर्ण द्या. यांना वेगळा कप लागतो."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी ओतलं. माझ्यापेक्षा तिच्या ग्लासात जरा जास्तच गेलं. तिने तो उचलला आणि गालात हसली. या वेळी माझ्याकडे बघून.

बाईंनी शांतपणे पूर्ण चहा संपवला, ग्लास खाली ठेवला आणि रुमालाने ओठ टिपले.

"आलं छान लागतंय. उद्या किती वाजता निघता तुम्ही?"

मी रिकाम्या ग्लासात बघत राहिले. वेळ मैत्रिणीने सांगितली, आणि ती बरोबर सांगितली.