डोंगरात दिसलेलं जहाज

माझा धाकटा भाऊ तेलवाहू जहाजावर इंजिनीयर आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातला समुद्रावर गेलेला तो पहिलाच. मागच्या खेपेला निघताना त्यानं माझ्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. त्यात जगभरची जहाजं नकाशावर बारीक बाणांसारखी दिसतात.

"आक्का, तू भूगोल शिकवतीस, तुला मज्जा वाटंल," म्हणाला.

शाळेत जाण्याआधी आईला त्याचा बाण दाखवायचा, हे माझं रोजचं काम झालं. आई चष्मा लावून बघायची आणि एकच विचारायची, "पाण्यात हाय न्हवं?"

त्या आठवड्यात त्याचं जहाज कुवेतहून तेल भरून निघालं होतं. तिथून बाहेर पडायला वाट एकच, होर्मुझची सामुद्रधुनी. वर इराण, खाली ओमानचं टोक, आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यातून आखातातलं तेल नि गॅस जगात जातो. कोल्हापुरातल्या किती चुली त्या पाण्यावर पेटतात, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. तिकडं तणाव वाढल्याच्या बातम्या रोज येत होत्या. तरीही ती वाट मला पाठ आहे, असंच मी धरून चालले होते.

शनिवारी सकाळी ॲप उघडलं, तर बाण जमिनीवर. ओमानच्या टोकावर, किनाऱ्यापासून बराच आत, डोंगरात. फोन बंद करून परत चालू केला. तरी तिथंच. उलट थोडा पुढं सरकला होता, म्हणजे जहाज चालत होतं!

आईनं सवयीनं विचारलं. मी "हो" म्हणाले. पण तिनं फोन हातात घेतला.

"मग ह्यो निळा रंग कुटं गेला?"

मी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. "मॅडम, जहाज सुरक्षित आहे. नेमकं ठिकाण सांगता येणार नाही," तिकडचा माणूस म्हणाला. सांगायची परवानगी नाही की त्यालाच माहीत नाही, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

शेजारचे चाचा पूर्वी त्याच भागात एसी दुरुस्तीची कामं करत होते. त्यांना बोलावलं. त्यांनी नकाशा मोठा केला, लहान केला.

"हितं मी ऱ्हायलोय की. डोंगर सरळ पाण्यात उतरत्यात. गच्चीवरनं बघाय लागलं की जहाजं दिसायची. जाणारी एका पट्ट्यातनं, येणारी दुसऱ्यातनं, मधी मोकळी जागा, हायवेवानी."

"पण हा बाण डोंगरात कसा?"

चाचांनी बाणावर बोट ठेवलं. "त्या डोंगरात शेळ्या चढत्यात. जहाज न्हाय."

"मग माजा ल्योक कुटं हाय?" आईनं विचारलं.

"पाण्यातच असणार, भाभी."

"असणार म्हंजी?"

चाचांनी फोन माझ्या हातात परत दिला.

शाळेत नववीचा तास होता. फळ्यावर आखाताचा नकाशा काढला, ठिकाणं लिहिली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, इराण वर असतंय न्हवं?" मी इराण खाली लिहिला होता आणि ओमान वर. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पुसला, पण परत लिहिताना हात थांबला. नकाशाची कुठली बाजू वर, हेच मला क्षणभर उमगेना.

रविवारी बाण दिसेनासा झाला. आई दिवसभर फोन मागून मागून बघत राहिली. सोमवारी मी शाळेतून आले आणि भावाचा फोन आला.

"आक्का, आमी भाईर आलो. हितं कोणतरी सॅटेलाइटचा सिग्नल बिघडवतंय. आमच्या पडद्यावरबी आमी डोंगरातच हुतो, त्येच तुज्या ॲपवर आलं, मग त्येबी गेलं. कॅप्टननं रडारवर आन डोळ्यानं बघून जहाज काढलं."

"कोण बिघडवतंय?"

"कोण म्हणतंय ह्ये, कोण म्हणतंय त्ये. आमाला कोण सांगतंय?"

"तुला भीती नाही वाटली?"

"मी खाली इंजिनात हुतो. सामुद्रधुनी कवा आली आन कवा गेली, मला कळलंबी न्हाय."

मी दोन दिवस ज्या पाण्यासाठी घाबरत होते, ते त्यानं पाहिलंच नव्हतं. हसावं की रडावं, कळेना. तोवर आईनं फोन ओढून घेतला आणि आधी त्याला भरपूर शिव्या दिल्या, मग डोळे पुसले.

फोन ठेवल्यावर म्हणाली, "म्हंजी नकाशा खोटं बोलत हुता."

"नकाशा नाही आई, सिग्नल."

"त्येच की."

ते एकच नाही, हे मी तिला सांगायला बसले. दोन वाक्यं बोलले आणि थांबले. तिसरं माझं मलाच समजलं नव्हतं.