गुणाबाईचं मुसळ

गुणाबाईनं नवऱ्याचा जबडा मुसळानं फोडला, असं आमच्या गावात आजही सांगतात. साफ खोटं. मी कुंपणापलीकडेच उभी होते.

तिच्या नवऱ्याला, मुखरूला, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर झाला. नागपूरला किरणांचे शेक दिले, गाठ गेली. ‘शेकानं जबड्याचं हाड कमजोर झालंय, विचारल्याशिवाय दात उपटू नका,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दाढ ठणकली आणि हा गेला नथ्थूकडे. नथ्थू बैलांना नाल ठोकतो, आणि त्याच पकडीनं गावाच्या दाढाही उपटतो. मुखरूची जखम भरलीच नाही. आतलं हाड उघडं पडलं, सडलं, पू वाहू लागला. बायकोला तो आधीही मारायचा; आता भात टणक लागला की लाथ, जबडा ठणकला की काठी. एकदा तिची करंगळी मोडली. मी ओरडले, तर म्हणे, “मास्तरीणबाई, आपल्या घरचं पाहा!”

त्या सकाळी गुणाबाई उखळात मिरच्या कांडत होती. यानं केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. रक्ताची चिळकांडी उडाली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मुसळ उगारलं. तो चवताळला, करकचून दात आवळत तिच्यावर धावला, आणि कट्ट वाजलं. मुसळ अजून हवेतच होतं. मुखरू जबडा धरून गडाबडा लोळत होता.

त्याचा भाऊ इसरू काठी घेऊन आला. “माह्या भावाले मारतं? तुले जेलात सडवतो!” पहिला टोला तिच्या खांद्यावर बसला. दुसऱ्याआधी मी त्याच्या थोबाडीत दिली. म्हातारी असले तरी हात चालतो. तो तडक ठाण्यात गेला.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात मुखरूच्या जबड्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. “हाड आधीच मेलेलं होतं. दात आवळले, तेवढ्यानं मोडलं.” तसं लिहून घेतलं, ठाण्यात दिलं. इसरूची तक्रार बारगळली; पण डॉक्टरची चिठ्ठी मीच खोटी लिहवून आणली, असं तो आजही म्हणतो.

परतताना जीपमध्ये मी गुणाबाईला हळूच म्हटलं, “आता गावाला खरं सांगते.”

“नोका सांगू, बाई.”

“का गं?”

“त्याले बी वाटते म्याच फोडला. वाटू द्या ना!”

त्यानंतर मुखरू पेजेवर जगला. चमचा उशिरा आला की हात उठायचा. गुणाबाई कोपऱ्यातल्या मुसळाकडे नुसती पाहायची. हात खाली यायचा, तोंड उघडायचं. इसरूही मुसळ दिसलं की उंबऱ्याबाहेरच थांबायचा.

आता तो नाही. हे लिहू का, मी गुणाबाईला विचारलं. म्हणाली, “लिवा. पन इसरू जित्ता हाये तंवर गावात वाचू नोका.”