लॅपटॉपला वारा

लोसालिनेच्या घरात उघडं असं काही नव्हतंच. टीव्हीवर क्रोशाचं झाकण, गॅसच्या टाकीला क्रोशाचा झगा, रेडिओला टोपी आणि नवऱ्याच्या होडीच्या इंजिनाला चक्क झालरीचं कव्हर. "ही सुई घेऊन माझ्याकडे बघायला लागली की मी आधी अंगात सदरा आहे ना ते तपासतो," असं केलेपी बंदरावर सांगत सुटायचा. लिफुका बेटावरच्या बायका खो खो हसायच्या, पण घरात लग्न निघालं की त्याच बायका लोसालिनेच्या दारात. वीण बघावी तर तिची!

मग लेकीनं, सेइनीनं, बोटीनं येणाऱ्या सामानाच्या ड्रममध्ये टॉवेलांच्या घडीत गुंडाळून लॅपटॉप पाठवला. सेइनी ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामावर, तिची मुलगी लुपे इथं आजी-आजोबांजवळ. लॅपटॉपचं स्वागत जावयासारखं झालं. खाली चटयांचे थर, सगळ्यात वर ठेवणीतली, बारीक विणीची. मानाच्या पाहुण्याला जितके थर, तितका मान. आणि अंगावर अर्थातच जांभळ्या लोकरीचं कव्हर. पडदा आणि बटणं तेवढी मोकळी.

आता मे महिन्यातला मुलांचा रविवार आला होता. त्या दिवशी ख्रिस्ती देवळात मुलं पांढऱ्या कपड्यांत उभी राहून बायबलमधली पाठ केलेली वचनं म्हणतात. लुपे गेल्या वर्षी उभी राहिली, ओठ घट्ट मिटले आणि तशीच खाली बसली. यंदा तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, "आई बघत असेल तरच बोलेन."

केलेपीचा फोन खडकांपलीकडे माशांच्या हवाली झालेला. बाकीच्यांचे फोन आपापल्या पोरांकडे रोखलेले असणार. राहता राहिला लॅपटॉप. घर देवळाला खेटून असल्यामुळे घरातलं इंटरनेट पहिल्या बाकापर्यंत पोचायचं.

शनिवारी दुपारी तालीम घेतली. सेइनी दिसली, "आई, आवाज येतोय ना..." म्हणाली आणि पडदा काळा! पुन्हा चालू केला, पुन्हा काळा.

केलेपीनं खाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं, हा भाजतोय! याच्यावर कंद भाजून निघेल!"

"दमलाय तो. केवढ्या लांबून आलाय."

"ड्रममध्ये बसून आलाय, पोहत नाही आला! हे बघ लोसा, इंजिन असं तापून बंद पडलं की मी आधी पाणी ओढायचं तोंड बघतो. शेवाळ अडकलेलं असतं. यालाही तोंड असणार कुठेतरी. काढ ते कव्हर."

"नाही निघायचं."

"म्हणजे?"

"शिवून टाकलंय. उद्यासाठी नवं. घट्ट."

"मग उसव!"

"आणि देवळात उघडा नेऊ? बायका म्हणतील, लेकीनं एवढी वस्तू पाठवली आणि हिनं नागडी आणून ठेवली!"

"बरं, उद्या सकाळी पेचकस घेऊन—"

"रविवारी? रविवारी पेचकस धरणार तू? पाद्रीबाबांच्या खिडकीसमोर?"

रविवारी या बेटावर होडीसुद्धा हलत नाही. ठरलं असं, की लॅपटॉपला विश्रांती द्यायची. लोसालिनेनं त्याच्यावर एक पातळ चादरही घातली.

रविवारी देऊळ नुसतं पांढरंशुभ्र फुललं होतं. पहिल्या बाकावर चटया, चटयांवर लॅपटॉप, लॅपटॉपला कव्हर, कव्हरावर फुलांचा हार. बायका वाकून वाकून वीण बघत होत्या. "हे शिंपल्यांचं नक्षीकाम तूच?" शेजारच्या वाइसिमानं विचारलं. "मग काय तू?" लोसालिने फुलून म्हणाली. पडद्यावर सेइनी, तिच्यामागे दाटीवाटीनं उभ्या मैत्रिणी. एकेक मूल उठत होतं, एकेक घर हुंदके देत होतं. तेवढ्यात लॅपटॉपच्या पोटातून घरघर ऐकू आली. वाळूत रुतलेली होडी ओरडते तशी.

"लोसा," केलेपी कुजबुजला.

"शू! लुपेचं नाव पुकारलं."

लुपे पुढे आली, वळली, आईकडे बघितलं.

पडदा काळा.

"बोल बाळा," पाद्रीबाबा म्हणाले. लुपेचे ओठ मिटले. घट्ट. गेल्या वर्षीसारखे.

लोसालिनेनं नव्या कव्हराकडे बघितलं. नातीच्या ओठांकडे बघितलं. "केलेपी, चाकू दे!"

"देवळात चाकू आणतं का कुणी?"

मग तिनं दातच लावले. टर्र! शिंपले गेले, झालर गेली, हार वाइसिमाच्या मांडीवर. केलेपीनं लॅपटॉप उपडा केला, बाजूची जाळी शोधली, गाल फुगवून फुंकर मारली. आतून लोकरीचा जांभळा पुंजका उडाला आणि तरंगत तरंगत पाद्रीबाबांच्या बायकोच्या टोपीवर बसला.

"बघ! शेवाळ!"

"बघितलं! फुंक तू!"

केलेपीनं लॅपटॉप बोटांच्या टोकांवर डोक्याइतका उंच धरला, चारी बाजूंनी मोकळा. लोसालिनेनं आपला विणलेला हातपंखा उचलला आणि त्याला वारा घालायला लागली. अंगात आल्यासारखी. देवळात पंखा कुणाकडे नसतो? वाइसिमानं आपला वळवला, मग तिच्या जावेनं, मग अख्ख्या रांगेनं. मागून कुणीतरी खर्जात भजन उचललं आणि सगळं देऊळ गायला लागलं. छपराचे पत्रे थरथरायला लागले! लुपे जागेवरून हलली नाही. नुसती टक लावून बघत राहिली.

तिसरं कडवं संपता संपता लोसालिनेनं बटण दाबलं आणि पडदा उजळला.

"पासवर्ड!" केलेपी ओरडला. "माझे हात अडकलेत!"

लोसालिनेनं एका हातानं वारा घालत दुसऱ्या हाताच्या एका बोटानं अक्षरं दाबली. घंटी वाजली, वाजत राहिली आणि सेइनीचा चेहरा उमटला.

"आई? काय झालं? तुम्ही सगळे मला वारा का घालताय?"

देऊळ हसण्यात बुडालं. लुपेपण हसली आणि हसता हसता तिचे ओठ उघडले ते उघडलेच. ती बोलली, खणखणीत, पार शेवटच्या बाकापर्यंत. एक ओळ चुकली, तीही तितक्याच जोरात. तिकडे सेइनी रडत होती, तिच्या मैत्रिणी रडत होत्या. इकडे केलेपीला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटची प्रार्थना झाली. लोक जेवणाच्या ताटांकडे पांगले. केलेपीनं लॅपटॉप मिटून बाकाच्या नुसत्या लाकडावर ठेवला. लोसालिनेचा हात मात्र चालूच.

"लोसा, बंद केलाय तो."

"असू दे," ती म्हणाली. "अजून गरम आहे."