समुद्रावरचं मस्टर

समुद्रावरच्या प्रवाशांच्या जिवाची काळजी वाहणारा माणूस भंडारा जिल्ह्यात आजवर एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे आमचे मोठे भाऊजी. जिल्ह्यात तलाव म्हणाल तेवढे आहेत, वैनगंगा आहे, पण समुद्र पाहायचा तर अख्खं राज्य ओलांडून जावं लागतं. तरीही लाखनीला हायवेवरच्या टपरीत चहा पिताना भाऊजी जहाजाच्या ओल्या डेकबद्दल आणि वाऱ्याने धाडकन मिटणाऱ्या तिथल्या दारांबद्दल इतक्या कळकळीने बोलत, की शेजारी बसलेला ट्रक ड्रायव्हर नकळत आपली बोटं बाकावरून काढून मांडीवर घेई. एवढं सगळं ज्ञान त्यांनी एकाच सफरीत मिळवलं होतं. जहाजावर ते आयुष्यात एकदाच चढले, आणि उतरताना स्ट्रेचरवरून उतरले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही घरात बाई म्हणतो. नोकरीत असताना भाऊजी कालव्याच्या कामांवर मजुरांची हजेरी घेत. त्या हजेरीपटाला आमच्याकडे मस्टर म्हणतात आणि तो शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. निवृत्त झाल्यावर कालवा सुटला, मस्टर सुटलं नाही. संध्याकाळी ताटं मांडली की पहिला घास घेण्याआधी भाऊजी घरातल्या प्रत्येकाचं नाव बापाच्या नावासकट पुकारत आणि ज्याने त्याने "हजर" म्हणायचं. मी पाहुणा म्हणून गेलो तरी सुटका नसे. "मास्तर" ही माझी घरगुती पदवी बाजूला ठेवून माझं शाळेच्या दाखल्यावरचं नाव पुकारलं जाई. बाईचं नाव ते एरवी कधी घेत नसत, हाक मारायची तर "अवो" म्हणत. फक्त मस्टरात तिचं नाव येई, आणि चुलीपासून "हजर जी" असं उत्तर येई. तिने मात्र त्यांचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी उच्चारलं नव्हतं. म्हणून शेवटी भाऊजी स्वतःच स्वतःचं नाव पुकारत आणि स्वतःच "हजर" म्हणत. सुना पदराआड हसत. भाऊजींच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे.

त्यांचा नियम एकच होता, दुसऱ्याची हजेरी लावायची नाही. याला कारण होतं. एकदा कालव्याचा भराव घसरला. सगळे बाहेर आले, एक गडी सापडेना. मस्टरात तो हजर होता, म्हणून दुपारभर माणसं हातांनी चिखल उपसत राहिली. कोणी रडत होतं, कोणी नवस बोलत होतं. तेवढ्यात तो गडी सासुरवाडीहून, तोंडात पान आणि डोक्यावर नवी टोपी अशा थाटात, शिट्टी वाजवत आला. भावाने त्याच्या नावाने "हजर" म्हणून टाकलं होतं. "तो मेला असता त्यापेक्षा जिता निघाला याचाच मले जास्त राग आला," असं भाऊजी सांगत, आणि लगेच गंभीर होत. "आज नसलेल्याले शोधलं, मास्तर. उद्या असलेल्याले कोनी शोधनार नाही." सिहोऱ्याला वऱ्हाड निघालं तेव्हाही बस सुरू झाल्यावर त्यांनी मस्टर घेतलं. लोक वैतागले, "भाऊ, मुहूर्त चुकते ना!" म्हणाले. सगळी नावं हजर निघाली, एक सोडून. नवरदेव मागे टपरीवर पान खात राहिला होता. तेव्हापासून आमच्या नात्यात भाऊजींना विचारल्याशिवाय कोणी ड्रायव्हरला "चला" म्हणत नसे.

जहाजाचा विषय बाईने काढला. साखरेच्या आजाराने तिची नजर गेली, उजेड आणि सावली एवढंच उरलं, आणि त्यानंतर वर्षभराने एका सकाळी ती म्हणाली, "मले समुद्रावर जाचं हाय." पोरं हादरली. मोठा म्हणाला, "बाई, तुले दिसत नाही, तू जाऊन काय करशीन? जहाज हालते, जिने असतात, लोकं पडतात तिथं." उत्तर भाऊजींनी दिलं. "तिले दिसत नाही म्हनून का पानी नाही?" मग पोरांकडे बोट करून म्हणाले, "नेईन अन् धडधाकट वापस आनीन. एक खरचटं बी येनार नाही." त्या घडीपासून हे वाक्य त्यांचं देणं झालं. इंग्रजी वाचायला कोणीतरी हवं म्हणून मला सोबत घेतलं. शाळेच्या वाचनालयात आयुष्य काढलेला माणूस मी, पाण्याची भीती बाळगून होतो. पण भाऊजींसमोर ते सांगायची माझी हिंमत नव्हती.

मुंबईहून जहाज सुटण्याआधी भोंग्यातून घोषणा झाली. इंग्रजी होती, पण त्यातला एक शब्द भाऊजींनी पकडला. त्यांचा चेहरा असा उजळला, जसा नातू झाल्यावरही उजळला नव्हता. "मास्तर, आयकलं का? मस्टर म्हने! इथं बी मस्टर हाय!" मी समजावू लागलो, की संकटात सगळ्यांनी जमायच्या जागेला जहाजावर तसं म्हणतात. ते ऐकायला भाऊजी जागेवर नव्हते, गळ्यात केशरी जाकीट अडकवून ते दारात उभे होते. बाई म्हणाली, "माह्या गुडघा दुखते जी. माही बी हजेरी सांगून द्या ना." कोट्यवधी नवऱ्यांनी हे ऐकलं असतं. भाऊजींनी तिचे बूट तिच्या पायात चढवले आणि तिला हात धरून वर नेलं. होड्या टांगलेल्या त्या उघड्या डेकवर पाऊणशे माणसं ताटकळत उभी होती आणि आमच्याकडे रागाने पाहत होती. एक पोरगेला अधिकारी प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावी, यंत्र "बीप" करी. भाऊजींना हे मुळीच पटलं नाही. "कारड तर म्या खिशात घालून बी आनू शकतो," ते मला म्हणाले. "बीप म्हनते ते कारड. मानूस कुठं हाय? नाव पुकार म्हना याले." मी पुकारायला सांगितलं नाही, म्हणून भाऊजींनी आमच्या तिघांचं मस्टर तिथेच वेगळं घेतलं. बाई सगळ्यांदेखत "हजर जी" म्हणाली आणि लाजली.

पुढचे दिवस भाऊजींनी समुद्र असा पाहिलाच नाही. पहिल्या सकाळी एकदा कठड्याशी उभे राहून "एवढं पानी, अन् धानाची एक बांधी नाही," असा भाताच्या खाचरांत वाढलेल्या माणसाचा शेरा मारला, तेवढाच. बाकी वेळ, सकाळचं आमच्या तिघांचं मस्टर झालं की, ते जहाजाची पाहणी करत. न्हाणीघराचा उंबरठा उंच आहे हे त्यांनी शेजारच्या खोल्यांतल्या अनोळखी माणसांना दार वाजवून सांगितलं. जेवणाच्या दालनात ताट भरून धावणाऱ्या पोरांच्या आडवे उभे राहून त्यांनी वाहतूक आवरली. एक तरुण कठड्यावर बसून आपलाच फोटो काढत होता, त्याला म्हणाले, "ओ भाऊ, उतरा खाली. समुद्राले पायरी नसते." तो हसून म्हणाला, "अंकल, चिल!" भाऊजी म्हणाले, "चिल तूच होशीन बापा, पानी लई थंड हाय." पोरगा उतरला, हसण्यामुळे की भीतीने ते कळलं नाही.

पण त्यांचं खरं काम बाईकडे होतं. खोलीपासून त्या डेकपर्यंतची वाट तिला पाठ झाली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. संकटात आपण सोबत असूच असं नाही, दिवे गेले तर डोळसांचेही डोळे जातात, हा त्यांचा हिशेब. तिचा हात भिंतीच्या कठड्यावर ठेवून ते मागून चालत आणि वाट बोलत, "कठडा धर. कठडा सुटला का जिना. जिना सरला का पायाखाली गालिचा. गालिचा सरला का थांब, भारी दार. दारात उंबरठा, पाय उचल, अन् वारा लागला का मस्टर." बाई तेच पुटपुटत मागे येई. दिवसातून कितीदा हे चाले कोण जाणे. पोशाखी बाया थांबून पाहत, कोणी म्हातारबुवांच्या प्रेमाचं कौतुक करी, कोणी कपाळाला हात लावी. तिसऱ्या दिवशी बाई वैतागली. "सफरीले आनलं का कवायतीले? पाय सुजले ना माहे!" भाऊजी म्हणाले, "सुजू दे. सुजलेला पाय घरी वापस येते, हरवलेला नाही येत." तिने चिडून वाट पुन्हा म्हटली, एकही शब्द न चुकता.

शेवटच्या सकाळी आम्ही दोघं त्याच डेकवर होतो. बाई खोलीत आवरत होती. डेक नुकताच धुतला होता आणि "जपून चाला" सांगणारी पिवळी पाटी वाऱ्याने आडवी पडली होती. भाऊजींना ते पाहवेना. "पाटी पडली, मास्तर. कोनाले दिसंल?" असं म्हणत ते ती सरळ करायला गेले. पाटी सरळ झाली. पुढच्या पावलाला भाऊजी आडवे झाले. आवाज ऐकूनच मला कळलं की हाड गेलं. जहाजावरची माणसं धावली, कोणी उशी आणली, कोणी डॉक्टरला बोलवायला गेलं. भाऊजी पांढरेफटक पडले होते, पण माझी बाही त्यांनी घट्ट धरली होती. "बाईले एकदम सांगू नोका. घाबरून धावंल अन् पडंल. हात धरून आना. तिले खरचटता कामा नाही."

मी उठलो आणि वळलो, तर डेकच्या टोकाचं ते भारी दार हळूहळू उघडत होतं. खांद्याने दार रेटून धरत बाईने उंबरठ्यावर पाय उचलला, नीट ठेवला, वारा अंगावर घेतला आणि उभी राहिली. जिना, गालिचा, सगळं ती एकटी चालून आली होती. गर्दीची कुजबुज तिला ऐकू आली असावी, कारण तिने चेहरा बरोबर आमच्याकडे वळवला.

"मास्तर, यायनं आज सकाळचं मस्टर घेतलं नाही. काहून?"

ती पुन्हा म्हणाली, या वेळी माझ्याशी नव्हे. "हजर हाय ना जी?"

खालून, दात आवळून, पण कालव्यावर ऐकू जाईल अशा आवाजात भाऊजी म्हणाले, "हजर!"

नागपूरला ऑपरेशन झालं, हातात काठी आली. नातेवाइकांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. शहापूरचे व्याही तर भेटायला म्हणून आले आणि टोमणा मारून गेले, "दुनियेचं मस्टर घेतलं अन् सोताच पडले!" भाऊजी म्हणाले, "पडलो, पन पाटी सरळ करून पडलो. माह्या मांगून कोनी नाही पडलं." मग पोरांना ऐकू जाईल असं, "अन् बाईले धडधाकट आनलं का नाही? विचारा तिले." जहाजावरचा धोक्याचा इशारा, म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब, त्यांनी घरातही लागू केला होता. त्यामुळे बाई कुकरला सातवी शिट्टी होऊ देत नसे. एकदा सून विसरली, तर भाऊजी काठी टेकत अंगणात जाऊन उभे राहिले आणि सगळे बाहेर येईपर्यंत आत आले नाहीत. डाळ करपली. पाय धड झाला की बाईला पुन्हा न्यायचं, असं ते म्हणत. "मांगच्या खेपेले कवायत झाली. आता समुद्र."

मागच्या उन्हाळ्यात, दुपारी आडवे झालेले भाऊजी उठले नाहीत. त्या दिवसापासून संध्याकाळची ताटं मस्टराविना वाढली जाऊ लागली. नाव पुकारायची कोणाची छाती होत नव्हती. मी वाचणारा माणूस, दुःखात पुस्तकांकडे जातो. पण कित्येक दिवस मी एकच पान उघडून बसत असे.

दिवाळीनंतर बाईने पोरांना बोलावलं. "समुद्रावर जाचं हाय. मास्तर येतीन संगं." पोरांनी डोकं धरलं. बाबा असताना एक वेळ ठीक होतं, आता कोणाच्या भरवशावर? बाई शांत होती. "तुमचे बाबा नाहीत म्हनून का पानी नाही?" तिने आपले बूट मागितले.

जहाज दुसरं होतं, भोंग्यातला शब्द तोच. बाईने आधारासाठी माझा हात धरला नाही, उलट माझ्या हाताला धरून मलाच वर नेलं म्हटलं तरी चालेल. या खेपेला यंत्र घेऊन एक मुलगी उभी होती, मराठी न समजणारी. बाईचं कार्ड लावलं, "बीप" झालं. बाई हलेना. "इले म्हन, नाव पुकार." मी सांगितलं. मुलीने हसून, अडखळत नाव घेतलं. बाई इतक्या मोठ्याने "हजर जी" म्हणाली की होडीखालची माणसं वळून पाहू लागली.

"आता आनखी एक नाव हाय," बाई म्हणाली.

मी हळू आवाजात सांगितलं, "बाई, त्यांचं नाव यांच्याजवळ नाही."

"मस्टरात रजेवरच्याचं बी नाव राहते. तेच सांगत. रजेवर असते तो गैरहजर नसते."

मुलगी माझ्याकडे पाहत थांबली होती. तिला काय सांगावं ते मी इंग्रजीत जुळवत होतो, तेवढ्यात बाईने पदर सावरला आणि स्वतःच नाव पुकारलं. भाऊजींचं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, ते पुकारत अगदी तसं. लग्नातल्या उखाण्यानंतर आजच. वारा जोरात होता, तरी एकही अक्षर सांडलं नाही. मग ती किंचित थांबली, जणू उत्तराला वेळ दिला, आणि खालच्या आवाजात स्वतःच म्हणाली, "रजेवर."

मुलीला काही कळलं नसेल, पण तिने मान लववली. जहाज सुटत होतं. बाई कठड्याशी गेली, दोन्ही हातांनी तो धरला आणि चेहरा पाण्याकडे करून बराच वेळ उभी राहिली. मी मागे उभा होतो. पायाखालचा डेक ओला आहे का, ते मी दोनदा पाहून घेतलं.