खिळ्यांच्या पायऱ्या

फोर्टातल्या त्या जुन्या व्यापारी इमारतीच्या पायऱ्यांवर आता लोखंडी खिळे बसवलेत. उंच गोल खांब, वर त्रिकोणी माथा आणि थेट फुटपाथपर्यंत उतरलेल्या रुंद दगडी पायऱ्या. बांधणाऱ्याला आपली श्रीमंती मिरवायचीच होती, पण येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला जागाही त्यानं ठेवली होती. आसपासच्या ऑफिसांतल्या आम्ही बायका दुपारी तिथंच डबे उघडायचो. दुसरी पायरी तर बसून बसून मधे गुळगुळीत झाली होती.

काल गेले तर वॉचमननं अडवलं. "मॅडम, इथं बसायचं नाही. हेरिटेज आहे. दगड झिजतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दगड झिजतो म्हणून दगडालाच ड्रिलनं भोकं पाडायची? इतक्या वर्षांत माणसांनी बसून जेवढं बिघडवलं नाही, तेवढं यांनी जपण्याच्या नावाखाली फोडून ठेवलं. खांबांवर मात्र दिव्यांचे झोत सोडलेत, लोकांनी लांबून फोटो काढावेत म्हणून.

वॉचमनलाच फैलावर घेणार होते. तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभा होता.

"तुम्ही कुठं बसता?" मी विचारलं.

त्यानं खिळ्यांकडं बघितलं. "आधी इथंच बसायचो."