रविवारची बरणी

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला दारावर थाप पडायची. बेल असूनही अण्णा थापच मारायचे. हातात कांदा-लसूण चटणीची बरणी. "मास्तर, ही दुपारपतोर ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. समोर असली की हात जातोय." बरणी माझ्या हवाली करून ते समोरच्या फ्लॅटमध्ये पास्ता करायला जायचे.

राजारामपुरीत आम्ही समोरासमोर राहायचो, दोघंही एकटे. मी क्लासमध्ये गणित शिकवतो. अण्णांनी जन्मभर दुधाचा टँकर चालवला, आवाज अजून केबिनमधल्यासारखा चढाच होता.

त्यांचा मुलगा सुहास जहाजावर आचारी. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं बापासाठी हौसेनं तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा पास्ता केला, लसणाच्या सॉसमधला. मलाही जेवायला बोलावलं होतं. ताट पुढं आल्याबरोबर अण्णांनी घासही न घेता त्यावर तांबडा रस्सा ओतला. "कोरडं कसं खायाचं रं?" दुसऱ्या दिवशी सुहास उरलेली सुट्टी टाकून निघून गेला. मग महिन्यातून एक फोन. "बरं हाय न्हवं?" "हाय की." संपलं.

चूक कळायला अण्णांना वर्ष लागलं. कळल्यावर मात्र हट्टाला पेटले. "आता पोरगं आलं की त्येचंच ताट त्येच्याफुडं ठिवणार. माफी-बिफी मला जमत न्हाय." कोकणातून मासळीची गाडी आली की तिसऱ्या आणायच्या, मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढायची. पहिल्यांदा लसूण करपला, पुढच्या खेपेला पास्त्याचा गोळा झाला. चव बघायला मी, कारण सुहासच्या हातचं मीच खाल्लं होतं. "तुम्ही जमलं म्हणा, त्याच दिवशी पोराला फोन लावून बोलावतो. उगं गोड बोलायचं न्हाय."

मी गोड बोललो नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी पास्ता जमला, थेट सुहासच्या हातचा. पण जमलं म्हटलं की हे रविवार संपणार होते, आणि ह्या रविवारच्या जेवणाखेरीज मला कुणी जेवायला बोलावत नव्हतं. मी म्हणालो, "अजून थोडं राहिलंय, अण्णा." त्यांनी मान डोलावली. "बरं, फुडच्या ऐतवारी." असं मी अकरा रविवार म्हणालो.

बाराव्या रविवारी बरणी देऊन गेले आणि तासाभरात ओट्यापाशीच कोसळले. तिसऱ्या पाण्यात तशाच होत्या.

सुहास आला. रक्षाविसर्जनाला त्यानं नैवेद्यात भाकरी आणि तांबडा रस्सा ठेवला. कावळा लगेच शिवला. "बघा," तो म्हणाला, "त्यास्नी ह्येच लागायचं. माझं कवा आवडलंच न्हाय." मला राहवलं नाही. पंचगंगेच्या घाटाच्या पायरीवर बसून मी त्याला ते रविवार सांगितले.

सुहास म्हणाला, "जमलं का त्यास्नी शेवटी?"

"जमलं होतं. दिवाळीपासूनच."

"मग मला फोन का न्हाय केला?"

खोटं बोलता आलं असतं. "मी जमलं म्हणालो नाही," मी म्हणालो.

सुहास उठला, चपला घातल्या आणि पायऱ्या चढून गेला. फ्लॅटला कुलूप लावून तो गावातून गेला, तेही मला खालच्या दुकानदाराकडून कळलं. बरणी न्यायला कुणी आलं नाही. ती माझ्याकडेच आहे.