नलूच्या विमानाचं इंजिन

चहा येईपर्यंत मी माझी अब्रू काढून ठेवतो. निम्म्या कोल्हापूरला हा किस्सा ठाऊक आहेच; उरलेल्यांनी तो माझ्याच तोंडून ऐकलेला बरा.

माझी बायको नलू तंत्रनिकेतनात शिकवायची. घरामागच्या पत्र्याच्या शेडात सात वर्षं खपून तिनं एका माणसाचं विमान बांधलं. खरंच सांगतो. लोक परसात वांगी लावतात, हिनं विमान लावलं. पंख, शेपूट, नाकावरचा लाकडी पंखा, सगळं स्वतःच्या हातानं. इंजिन तेवढं राहिलं, आणि ती गेली.

दोन वर्षांनी तिचे प्राचार्य म्हणाले, "सर, विमान स्वतःच्या ताकदीनं शेडाबाहेर आलं, तर मुलांना शिकायला नेतो. नुसता सांगाडा ठेवायला जागा नाही." उडवायचं नव्हतंच. दहा पावलं चालवायचं होतं. नाही चाललं, तर नलूची सात वर्षं भंगारात.

तिची वही होती. त्यात लिहिलेलं : टू-स्ट्रोक हलकं, पण वर गेल्यावर दगा देईल, फोर-स्ट्रोक जड, पण भरवशाचं. 'फोर-स्ट्रोकच', खाली दोन रेघा. मग यादी : वजन, ताकद, थंड कसं होतं, फिरण्याची दिशा.

मी मराठीचा मास्तर. पण आजऱ्याला मामाच्या मळ्यातलं पाण्याचं इंजिन लहानपणी मीच हँडल मारून चालू करायचो. म्हणजे इंजिनातलं मला सगळं कळतं, नाही का?

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींकडं गेलो. नलूला ते 'बाई' म्हणायचे आणि फार मानायचे. हा माणूस इंजिनावर नुसता हात ठेवून त्याचं दुखणं सांगतो. एका जुन्या गाडीचं फोर-स्ट्रोक इंजिन त्यांनी नव्यानं बांधलं होतं. चालू केलं आणि त्यावर पाण्याचा पेला ठेवला. पाण्यावर सुरकुती म्हणून उठली नाही.

"हेच द्या," मी म्हणालो.

"दमा की सर. वजन बघितलं?"

"बसतंय."

"आन् फिरायची दिशा?"

"ती काय बघायची मिस्त्री? मळ्यात आम्ही पट्ट्याला पीळ देऊन टाकायचो. पंप उलटा फिरायचा."

"व्हय, पर इमानाला पट्टा असतोय व्हय?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मळ्यातला अनुभव आडवा आला. म्हणालो, "बाईंच्या वहीत सगळं बघून आलोय."

झालं. मिस्त्रींनी हात जोडल्यासारखे केले. "बाईंनी लिवलंय म्हंजी इषयच न्हाय." माझ्यावर विश्वास कुणी ठेवला नव्हता, तिच्यावर ठेवला होता.

ठरल्या दिवशी प्राचार्य, शेजारीपाजारी, सगळे शेडासमोर उभे. मिस्त्रींनी इंजिन बसवलेलं. मी आत बसलो. नलूच्या जागी. इंजिन गोड सुरू झालं. हळूच वेगाचा दट्ट्या पुढं सरकवला.

समोरची माणसं लांब जायला लागली.

मला वाटलं, घाबरून मागं सरतायत. म्हणून आणखी जोर दिला. माणसं आणखी लांब गेली. मग पाठीमागं धडाम्, आणि विमान शेपटीसकट पत्र्याला जाऊन भिडलं. बाहेर यायचं ते आत गेलं होतं.

मिस्त्री धावत आले. आधी शेपूट तपासलं, मग मला. "बाईंचं काम बघा. पत्रा फाटला, शेपटाला वरखडा न्हाय." मग पंख्यावरून हात फिरवला आणि कपाळाला लावला. "सर, बाईंचा पंखा उजवीकडनं फिरायला घडिवलाय. हे इंजान डावं. आन् पंखा बसलाय थेट शाफ्टावर, मधी पट्टाच न्हाय. आता पीळ द्यायचा तरी कशाला?"

वहीत दिशा लिहिलेली होती, मीच ती बघितली नव्हती, हे मी सांगून टाकलं. प्राचार्यांनी हसू दाबत आठ दिवस दिले.

आठ दिवसांत मिस्त्रींनी मधे दोन दाती चाकं घालून दिशा फिरवली. या वेळी मला आत बसू दिलं नाही. नलूचं विमान डौलात बाहेर आलं. दहाच्या जागी चाळीस पावलं चाललं. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली. मी कुठं बघत होतो, ते विचारू नका.

तंत्रनिकेतनात नेलं, त्या दिवशी मुलांसमोर बोलायला मिस्त्रींनाच उभं केलं.

"पोरांनो, हे इमान आख्खं बाईंनी बांधलंय," ते म्हणाले. "जगातली समदी इमानं फुडं जात्यात. ह्याला रिव्हर्स गिअर बी हुता. तेवढा मातर सरांचा."